ट्रेकवर चांगली कॉफी हवी असेल, तर ती उकळू नका, मुरू द्या

आपण विचारले आहे की, कधी कसारा लोकलने ट्रेकला आणि कधी मित्राच्या गाडीतून कच्च्या रस्त्याने मुक्कामाला जाताना ओझे फार न वाढवता चांगली कॉफी कशी करावी आणि त्यासाठी कोणते यंत्र विकत घ्यावे. अनेक वर्षे सह्याद्रीत मुक्काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, यंत्र घेऊच नये. घट्ट झाकणाचे स्टीलचे पातेले, बारीक जाळीची गाळणी आणि योग्य जाडीची ताजी पूड एवढ्यावर उत्तम कॉफी होते.

आपल्यापैकी बहुतेकांचा हात चहावर बसलेला असतो आणि कॉफी बिघडते ती तिथेच. पहिल्या काही ट्रेकमध्ये मीही उकळत्या पाण्यात पूड टाकून, रंग गडद होईपर्यंत ती खदखदू देत असे. ती कडू आणि तुरट होई, मग तो कडवटपणा झाकायला साखर वाढे, आणि सगळे म्हणत की याच्यापेक्षा चहा बरा होता. दोष पुडीचा नव्हता. कॉफीतला सुवास आणि गोडवा आधी उतरतो, कडू भाग मागाहून येतो. उकळत ठेवल्याने सुवास वाफेबरोबर निघून जातो आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो.

मी आता अशी करतो. अडीचशे मिलिलिटर पाण्याला १५ ग्रॅम पूड, म्हणजे साधारण तीन सपाट मोठे चमचे. पाण्याला उकळी आली की आच बंद करायची, पूड टाकायची, एकदाच हलवायचे आणि झाकण लावून चार मिनिटे हात लावायचा नाही. झाकण काढल्यावर वर पुडीची जाड तपकिरी साय धरलेली दिसते. चमच्याच्या पाठीने ती हलकेच मोडली की सुवासाचा एक लोट वर येतो आणि बहुतेक पूड आपोआप खाली बसू लागते. वर उरलेला फेस काढून टाकायचा, आणखी दोन मिनिटे थांबायचे आणि पातेले न हिंदकळता गाळणीतून कपात ओतायचे. तळातला शेवटचा घोट ओतायचा नाही.

पूड मात्र यासाठी मुद्दाम दळून घ्यावी लागते. माटुंगा पूर्वेला कॉफी भाजून, समोर दळून देणारी जुनी दुकाने आहेत. तिथे नेहमीची फिल्टरची पूड न मागता इडली रव्याएवढी जाडसर आणि चिकोरीशिवाय (म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड न घालता) द्या, असे सांगावे. बारीक पूड गाळणीत अडकते आणि कपात गाळ येतो. चिकोरीने रंग आणि दाटपणा येतो, पण या पद्धतीत ती कॉफी गढूळ करते. दळण निघण्याच्या एक-दोन दिवस आधीच घ्यावे, कारण मुंबईच्या दमट हवेत उघडी पूड फार लवकर मरते. मी घरीच वजन करून एकेका वेळच्या पुड्या घट्ट बंद करून नेतो, म्हणजे काळोखात चमचे मोजत बसावे लागत नाही.

उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते म्हणून कॉफी नीट होत नाही, असेही काही जण सांगतात. दर तीनशे मीटरला उकळबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो हे खरे. पण १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरही पाणी ९४-९५ अंशांना उकळते आणि कॉफीला ९० ते ९६ अंशच हवे असतात. तिथे उकळी येताच पूड टाकावी. अलिबागच्या किनाऱ्यावर अर्धा-एक मिनिट थांबावे, एवढाच फरक. गडावरच्या टाक्यातले पाणी गाळून, उकळून पिण्याजोगे झाले तरी त्याचा वास कॉफीत उतरतो, म्हणून कॉफीपुरते पाणी मी घरूनच नेतो.

आता आपली खरी अडचण. लोकलसह कोणत्याही रेल्वेगाडीत गॅसचा डबा आणि पेटवायचे इंधन नेण्यास मनाई आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिवाय कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड हे अभयारण्याच्या हद्दीत येतात, तेव्हा तिथे चूल पेटवण्याचा विचारही नको. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. यावर सोपा उपाय आहे. पायथ्याच्या गावात, कळसूबाईसाठी बारीला, जेवणाची सोय करणाऱ्या घरी रीतसर पैसे देऊन पाणी उकळून घ्यावे आणि ते चांगल्या स्टीलच्या थर्मासमध्ये भरावे. थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा आणि काठोकाठ भरावा. वर पोहोचेपर्यंत पाण्याचे तापमान थोडे उतरलेले असते, तेव्हा चारऐवजी सात मिनिटे मुरू द्यावे. दूध हवे असल्यास दुधाची पावडर न्यावी आणि ती गाळलेल्या कॉफीत शेवटी घालावी.

गाडीने जाताना गॅसची शेगडी नेता येते. डब्यावर थेट बसणाऱ्या शेगडीला वाऱ्यासाठी चारही बाजूंनी आडोसा लावू नये, डबा तापून फुटू शकतो. आणि तंबूत तर ती कधीच पेटवू नये, तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा वास येत नाही. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवरची किटली घेऊ नका. अर्धा लिटर पाण्याला ती वीस-पंचवीस मिनिटे सहज घेते. काचेचा फ्रेंच प्रेसही, म्हणजे जाळीच्या दट्ट्याने पूड तळाशी दाबणारे कॉफीचे भांडे, घरीच ठेवावा; कच्च्या रस्त्यावर तो टिकत नाही. उरलेला चोथा झाडाखाली न टाकता पुडीच्याच रिकाम्या पिशवीत भरून परत आणावा. ती पिशवी तेवढ्यासाठीच जपून ठेवायची.