सातनंतर सीडी का निघत नाही?

प्रश्न : २००४ ते २००७ मी नोकरीनिमित्त न्यू जर्सीत होतो. तिथे आयट्यून्स या ॲपलच्या ऑनलाइन दुकानातून दीडेकशे गाणी विकत घेतली, बहुतेक जॅझ. त्यातल्या सोळा गाण्यांची यादी करून मित्रांना सीडी देत आलो. परवा आठवी काढायला गेलो तर संगणक नाही म्हणाला. मग त्याच फायली डेटा सीडीवर टाकल्या, पण गाडीत काहीच वाजेना. पैसे मोजलेली गाणी माझी नाहीत का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : संगणक बिघडलेला नाही. त्या काळात तिथून विकत घेतलेली गाणी असलेली एकच यादी सातपेक्षा जास्त वेळा सीडीवर उतरवायची नाही, असा तो नियमच आहे. एप्रिल २००३ मध्ये दुकान उघडलं तेव्हा हा आकडा दहा होता. पुढच्याच वर्षी तो सातवर आणला आणि बदल्यात गाणी वाजवायला परवानगी असलेले संगणक तीनाचे पाच केले. बंधन यादीवर आहे, गाण्यावर नाही. तेच गाणं वेगळ्या गाण्यांच्या सोबतीनं नव्या यादीत घातलं की पुन्हा निघतं.

ही मोजदाद आली कुठून? मिरजेत मी कॅसेट भरून द्यायचो. गिऱ्हाईक इनलँडच्या पाठीवर गाणी लिहून आणायचं, मी नव्वदच्या कॅसेटवर एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं बसवायचो, आणि शेवटचं गाणं हमखास अंतऱ्यात तुटायचं. त्यावर शिव्याही खाल्ल्या आहेत. पण कॉपीची कॉपी, तिची कॉपी असं करत गेलं की चौथ्या-पाचव्या वेळी गाण्यापेक्षा खरखर जास्त. टेप स्वतःच पहारा करायची. डिजिटल फाईल हजाराव्या वेळीही पहिल्यासारखीच निघते, म्हणून कंपन्यांनी पहारेकरी बाहेरून आणून बसवला. तुमच्या फायलींवरच्या पहारेकऱ्याचं नाव फेअरप्ले. फाईलच्या नावाशेवटी एमफोरपी दिसतंय ना, त्यातला ‘पी’ म्हणजे ‘प्रोटेक्टेड’, पहाऱ्यातली.

डेटा सीडी का वाजली नाही, तेही यातच आलं. तिथे फाईल कुलपासकट जशीच्या तशी जाते, आणि किल्ली गाडीकडे नसते. ऑडिओ सीडी काढताना मात्र गाणं उलगडून साध्या ध्वनीत लिहिलं जातं, कुलूप मागे राहतं. म्हणजे तुम्ही वाटलेल्या सातही सीडी मोकळ्या आहेत! पुढच्या दाराला कडी आणि मागचं सताड उघडं, असला हा कारभार. स्वतःसाठी जपून ठेवायची असेल तर त्यातल्याच एका सीडीची प्रत काढा. तिथे कुणी मोजत बसलेलं नाही.

एक करू नका : सीडीवरून पुन्हा एमपीथ्री. मुळात ही गाणी १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट), म्हणजे एकदा पिळून झालेली. चोथा परत चरकात घालून रस वाढत नाही. संगणकावर घ्यायचीच तर वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये घ्या, या प्रकारच्या फायलींत आवाजातलं काही गाळलं जात नाही. जागा जास्त खाईल, खाऊ दे.

मालकीचं म्हणाल तर तुम्ही ९९ सेंटला गाणं नव्हे, गाणं वाजवायची मुभा घेतलीत. २००९ मध्ये त्या दुकानानं नव्या विक्रीवरचं कुलूप काढलं, पण जुन्या फायली आपोआप सुटल्या नाहीत. त्या सोडवायला तेव्हा गाण्यामागे ३० सेंट वेगळे पडायचे. आपल्याकडे ते दुकान २०१२ च्या डिसेंबरात आलं, तोवर कुलपाचा काळ सरला होता. त्यामुळे इथल्या बऱ्याच वाचकांना तुमचं दुखणं परग्रहावरचं वाटेल.

मित्रांना वाटण्याबद्दल कान पकडतो. आपल्या कायद्यातली सवलत खासगी वापरापुरती आहे. कट्ट्यावर सीडी वाटणं त्यात बसवायचं म्हणजे फार ओढाताण होईल.

जुना संगणक भंगारात देणार असाल तर आधी त्याची परवानगी काढून घ्या. माझ्या भाचीनं तसाच विकला आणि पाचातली एक जागा अडकवून बसली. त्याआधी उरलेल्या गाण्यांच्याही ऑडिओ सीडी काढा. एकीत ८० मिनिटं मावतात. गाडीच्या पडद्यावर बहुधा नुसतं ‘ट्रॅक १, ट्रॅक २’ दिसेल, तेव्हा गाण्यांची नावं पाकिटावर हातानं लिहा. सीडीवर लिहायचं तर मार्करनं, बॉलपेननं नको.