पूर ओसरल्यावर कारागिराच्या दारी काय घेऊन जावं?

प्रश्न : आम्ही सहा जण डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहोत. पुरात नुकसान झालेल्या चप्पल कारागिरांसाठी चपलांचा नवा संग्रह, लोगो आणि इन्स्टाग्रामचं पान करून द्यायचा आमचा बेत आहे. सुरुवात कुठून करावी?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : लोगो आणि नवा संग्रह सध्या बाजूला ठेवा. पाणी ओसरल्यावर पहिल्या पंधरवड्यात कारागिराला नवी कल्पना नको असते, त्याला कालचं काम पुन्हा सुरू करायचं असतं. ते बहुतेक वेळा अडतं फर्म्यांवर, म्हणजे ज्यावरून चामडं आखून कापतात त्या नमुन्यांवर. चामडं उधारीवर मिळतं, रापी (चामडं कापायची सुरी) आणि आरी (भोकं पाडायची सुई) नवी घेता येते. वडिलांच्या, आजोबांच्या हातचे पुठ्ठ्याचे फर्मे मात्र पाण्यात लगदा होऊन जातात आणि ते कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. माप घेणं, रेषा नेमकी काढणं आणि तीच रेषा शंभरदा तशीच उमटवणं हे तुम्हाला येतं. तेच घेऊन जा.

आधी पंचनामा झाला का, ते विचारा. झाला नसेल तर भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेला माल आणि यंत्रं यांचे फोटो काढून द्या, मगच झाडू हातात घ्या. साफसफाईच्या घाईत पुरावाच धुऊन जातो.

आता फर्मे. कारागिराच्या गिऱ्हाइकांकडून, नातेवाइकांकडून त्याच्याच हातचे जुने जोड मागवा. तळ कागदावर ठेवून पेन्सिल उभी धरून आखा. पेन्सिल कलली की प्रत्येक बाजूला एक-दोन मिलिमीटर वाढतात. पट्टा, कान (बाजूच्या चामडी पट्ट्या) आणि अंगठा (अंगठ्याची कडी) यांची मापं वरून घेता येत नाहीत, त्यासाठी एक जोड उसवावा लागतो. इथे एक चूक हटकून होते. वापरलेल्या चपलेचा पट्टा ताणलेला असतो. तो जसाच्या तसा आखला तर नवी चप्पल पहिल्या दिवसापासून सैल बसते. किती कमी करायचं, हे कारागिराच्या बोटांना माहीत असतं. त्याला पेन्सिल द्या आणि त्याची रेषा अंतिम माना.

आखलेला कागद सपाट स्कॅनरवर 300 डीपीआयला स्कॅन करा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. स्कॅनर नसेल तर मोबाइल जमिनीला समांतर धरून दीड-दोन मीटरवरून झूम करून फोटो घ्या. जवळून काढलेल्या फोटोत कडा वाकतात. कागदावर आधीच 10 सेंटिमीटरचा चौकोन काढून ठेवा आणि छापून आल्यावर तो उभा-आडवा मोजा. प्रिंटरने ‘पानात बसवा’ म्हणून 3 टक्के आकार कमी केला, तर 27 सेंटिमीटरचा तळ 8 मिलिमीटरने आखूड होतो. इंग्लिश मापात एक नंबर म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. थोडक्यात, 8 नंबरची चप्पल 7 नंबरची होऊन बसते आणि सगळं चामडं कापून झाल्यावर ते कळतं.

पुढचे-मागचे नंबर काढताना अख्खी आकृती संगणकावर टक्क्यांनी वाढवू नका. लांबी वाढते त्याच प्रमाणात रुंदी वाढत नाही, आणि अंगठ्याची जागाही सरकते. दोन टोकांचे नंबर कारागिराकडून तपासून घ्या, मधले त्यावरून काढा. प्रत्येक नंबराचा एक जोड स्वस्तातल्या रेक्झिनमध्ये कापून पायात घालून पाहा.

फर्मे 3 मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये लेझरने कापून घ्या. ते पाण्यात विरघळत नाहीत आणि खालच्या चामड्यावरचे डाग, चिरा दिसत असल्याने माल वाया जात नाही. पण ॲक्रिलिकच्या कडेला टेकवून रापी चालवली की कड तासली जाते आणि महिन्याभरात माप बिघडतं. त्यामुळे ॲक्रिलिकवर फक्त आखणी करावी. ज्यांना कडेनेच कापायची सवय आहे, त्यांना तोच फर्मा 1 मिलिमीटरच्या पत्र्यात करून द्या आणि कडा कानशीने घासून द्या. प्रत्येक फर्म्यावर नंबर, डावा-उजवा आणि कारागिराचं नाव कोरा. एक 8 मिलिमीटरचं भोक ठेवा, म्हणजे सगळा संच एका कडीत अडकतो आणि पाणी वाढलं की हातात घेऊन निघता येतं. फाइल त्याच्या मोबाइलवर द्या, छापील प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवायला सांगा. तुमच्या लॅपटॉपवर राहिलेली फाइल त्याच्या काहीच उपयोगाची नाही.

प्रश्न : दुकानात पाणी दोन दिवस होतं. दीडशे जोड भिजलेत, काहींवर पांढरी बुरशी धरली आहे. उन्हात टाकू का? पुढच्या वेळी माल वाचावा म्हणून माळा करावा का?
— चप्पल कारागीर, कुरुंदवाड

उत्तर : उन्हात नको, हीटरसमोरही नको. ओलं चामडं तापलं की आकसतं, कडक होतं आणि मग कशानंही मऊ होत नाही. आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवा, कारण वाळलेला गाळ घासला की वरचा पापुद्रा निघतो. मग सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, नायलॉनच्या दोरीवर सुटे सुटे टांगा. लोखंडी तार किंवा खिळा वापरू नका. कोल्हापुरीचं चामडं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं असतं आणि त्यातल्या टॅनिनला ओलेपणी लोखंड लागलं की काळा डाग पडतो. अर्धवट वाळल्यावर तळ वजनाखाली सपाट दाबा आणि एरंडेलाचा अगदी हलका हात फिरवा.

चप्पल वरून कोरडी लागली तरी तळाच्या थरांमध्ये ओल राहते आणि बुरशी तिथूनच परत येते. पाच जोडांवर खूण करून रोज वजनकाट्यावर तोला. सलग दोन दिवस वजन उतरलं नाही, तरच वाळल्या म्हणा. बुरशी दुकानाबाहेर, तोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने झाडा. मग सर्जिकल स्पिरिट आणि पाणी सम प्रमाणात घेऊन फडक्याने पुसा. रंग सुटतो का, ते आधी खालच्या बाजूला पाहा. शिलाई मशिनची किंवा प्रेसची मोटर चालते का बघू, म्हणून बटण दाबू नका. वाइंडिंगवाल्याकडून ती वाळवून, मेगरने (वीज गळते का ते पाहायच्या यंत्राने) तपासून आणा.

माळ्याबद्दल थोडं थांबा. मातीची भिंत दोन दिवस पाण्यात राहिली असेल तर तिच्यावर भार टाकू नका. भिंतीचा आधार न घेता चार पायांवर उभी राहणारी 40 मिलिमीटर चौकोनी पाइपची चौकट करा, मागे आणि दोन्ही बाजूंना तिरके दांडे द्या आणि पाय अँकर बोल्टने फरशीत आवळा. हे दांडे गाळले तर वर माल, खाली वाहतं पाणी आणि चौकट आडवी, असं होतं. सर्वात वरची फळी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेपेक्षा किमान एक फूट वर हवी. तिथे फर्मे, वह्या आणि तयार माल ठेवा, खाली दगड आणि ऐरण. रेघ छातीच्या वर असेल तर चौकटीवर पैसे घालवू नका. 600 बाय 400 मिलिमीटरचे प्लास्टिक क्रेट घ्या, एका माणसाला उचलेल इतकंच, पंधरा किलोपर्यंत, भरा आणि माल वेळेत हलवा.

प्रश्न : कुंभार गल्लीतल्या मूर्तिकारांचं नुकसान दर वेळी गणपतीच्या तोंडावरच होतं. ग्राफिक डिझायनर म्हणून मी काय करू शकतो?
— शाहूपुरी

उत्तर : एक तक्ता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे शहरात सगळ्यांना पाठ आहेत. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. पण ‘43’ म्हणजे माझ्या उंबऱ्याशी काय, हे प्रत्येक घराचं वेगळं असतं. शाहूपुरीत जयंती नाल्याचं पाणी मागे तुंबून येतं, नदी लांब दिसत असली तरी. घरोघर विचारा की पाणी पायरीला लागलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं. दोन-तीन पुरांचे आकडे जुळले तर तो त्या घराचा आकडा. (कुरुंदवाडकडे मात्र कृष्णेचं पाणीही धरावं लागतं, एकट्या राजारामच्या आकड्यावर तिथे विसंबू नये.)

मग वेळ मोजा. 400 मूर्ती, चार माणसं, एका फेरीत दोन मूर्ती आणि फेरीला तीन मिनिटं धरली तरी अडीच तास लागतात. ओल्या शाडूच्या मूर्तीची सोंड आणि बोटं उचलताना तुटतात, म्हणून त्या एकेक आणि पाटासकट न्याव्या लागतात. त्यांचा वेळ दुप्पट धरा. हे उलटं मोजत गेलात की हलवाहलव कुठल्या फुटाला सुरू करायची, ते निघतं. तो एकच आकडा लांबून वाचता येईल इतका मोठा लिहा, खाली क्रम लिहा : आधी रबराचे साचे त्यांच्या बाहेरच्या कवचासकट (कवचाशिवाय ठेवलेला साचा वाकडा होतो), मग रंगवलेल्या मूर्ती, मग कच्च्या, मग प्लास्टरची पोती. प्लास्टरला ओल लागली की ते पोत्यातच धरतं, परत कामाला येत नाही. शाडू विरघळला तरी भिजवून, गाळून पुन्हा मळता येतो, म्हणून तो शेवटी. फक्त गटाराचं पाणी मिसळलेला शाडू मुलांच्या कार्यशाळेला देऊ नका. तक्ता पत्र्यावर किंवा सनबोर्डवर छापा, कागदावर नाही.

प्रश्न : कारागिराबरोबर बसून एक नवी चप्पल केली. ती माझ्या नावाने विकू शकते का?
— ताराबाई पार्क

उत्तर : दोघांच्या नावाने विका, आणि वाटा किती ते आधी कागदावर लिहा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या मालालाच लावता येतं) मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. मानांकनाची खूण लावायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि ती नोंदणी चप्पल बनवणाऱ्या कारागिराची व्हायला हवी. जून 2025 मध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मूळ नावाशिवाय दिसल्या, तेव्हा इथे संताप उसळला आणि कंपनीने नंतर ते मूळ मान्य केलं. राजारामपुरीतल्या लेबलवरही नाव त्याच काळजीने लिहा. अर्ज मराठीत समजावून देणं, कागदपत्रं स्कॅन करणं आणि कारागिराचे कामाचे स्वच्छ फोटो काढून देणं, यात तुमचा एक दिवस जाईल. चप्पल बाजारात न्यायच्या आधी तो द्या.