नमुना कुठून घ्यायचा, हे कोण ठरवतं?

प्रश्न: आमच्या वस्तीला लागून रंगद्रव्यांचा एक बंद पडलेला कारखाना आहे. पंधरा वर्षं तिथे कुणी फिरकलं नाही. आता हेल्मेट घातलेली माणसं येतात, यंत्रं लावतात, माती भरून नेतात. परवा फाटकावर सूचना लागली: घातक कचऱ्याच्या सफाईचा आराखडा तयार आहे, हरकती आणि सूचना पंधरा दिवसांत द्याव्यात, नंतर बैठक होईल. आराखडा दोनशे चौदा पानांचा आहे. मी शिवणकाम करते, रसायनशास्त्रातलं मला काही कळत नाही. शेजारी म्हणतात, तज्ज्ञांनी ठरवलंय ते ठरवलंय, आपण काय सांगणार? ताई, आमच्यासारख्यांनी बैठकीला जाऊन खरंच काही उपयोग होतो का? आणि गेलोच तर विचारायचं काय?

उत्तर: जा. आणि बैठकीच्या दिवसाची वाट न बघता, त्याच्या आधीच जा.

मी सत्तावीस वर्षं माती आणि भूजलाचे नमुने घेतले, त्यांचे अहवाल लिहिले. तुम्ही ज्यांना हेल्मेट घातलेली माणसं म्हणता, त्यांतलीच मी एक. त्या वर्षांतली एक गोष्ट मला अजून सलते. ती आधी सांगते.

असंच एक बंद आवार होतं. नकाशावर आम्ही तीस-तीस मीटरचे चौकोन आखले होते आणि दर चौकोनात मातीच्या नमुन्यासाठी एक बोअर, म्हणजे खोल भोक, घ्यायचं, असे एकोणीस बोअर ठरले होते. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा कुंपणाला धरून उभा राहिला. याच कारखान्यात त्याने हमाली केली होती. म्हणाला, “बाई, तुम्ही भलतीकडेच खणताय. पिंपं तिकडं पुरली.” मी त्याला आत घेतलं. त्याने फाटकाला पाठ लावली, मोठ्याने मोजत बेचाळीस पावलं चालला, मग भिंतीकडे वळला आणि टाचेने मातीत एक रेघ ओढली. ती जागा आमच्या दोन बोअरच्या बरोबर मधे पडत होती. मी वहीत नोंद केली आणि वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, करार एकोणीस बोअरचा आहे, विसावा कुठून आणू? मी गप्प बसले. अहवालात ‘सर्व नमुने मर्यादेच्या आत’ असं वाक्य आलं, आणि खाली माझी सही होती.

दोन पावसाळ्यांनंतर त्या भिंतीपलीकडच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला, तेव्हा कुठे तिथे खणलं. हातभर खोलीवर पिंपाची कड लागली. गंजून तिचे पापुद्रे सुटले होते आणि भोवतीची माती करडी-निळसर झाली होती. वास गोडसर, पण दोन मिनिटांत डोकं धरेल असा. टाचेची रेघ जिथे होती तिथून तो खड्डा चार पावलांवर होता. म्हातारा बघायला आला होता. काही बोलला नाही.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. सफाईचा निर्णय शेवटच्या बैठकीत होत नसतो. नमुना कुठून घ्यायचा, किती खोलीवरून, कोणत्या महिन्यात आणि त्यात काय काय शोधायचं, हे ज्या दिवशी ठरतं त्या दिवशी अर्धाअधिक निर्णय होऊन गेलेला असतो. प्रयोगशाळेला ज्या रसायनाबद्दल विचाराल त्याचंच उत्तर ती देते. न विचारलेल्याबद्दल ती गप्प असते आणि अहवालात तो गप्पपणा ‘आढळले नाही’ असा वाचला जातो. म्हणून लोकांना बोलवायचं ते आराखडा छापून झाल्यावर नाही, नकाशावर पहिली खूण करायच्या आधी. १९९८ च्या आऱ्हूस करारात युरोपातल्या देशांनी पर्यावरणाच्या निर्णयांबाबत हेच मान्य केलं आहे: सगळे पर्याय अजून खुले असतानाच लोकांना सहभागी करून घ्यायचं.

तुम्हाला रसायनशास्त्र येत नाही, पण तुम्हाला जे येतं ते आराखडा लिहिणाऱ्याला येत नाही. सांडपाणी कोणत्या नाल्याने जायचं, भिंत कुठून फुटली होती, पावसात पाणी कुठे तुंबतं, पोरं खेळायला कोणत्या भगदाडातून आत जातात. हे ज्ञान किती मोलाचं असतं, ते लव्ह कॅनॉलने दाखवून दिलं. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात एका जुन्या कालव्याच्या खोदकामात १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला गेला. वर माती टाकून ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला विकली, तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली. १९७८ मध्ये लुईस गिब्ज नावाच्या गृहिणीने दारोदार जाऊन कोणत्या घरात कोणता आजार आहे ते टिपायला सुरुवात केली. तिच्या मुलाचं दुखणं त्याच शाळेत सुरू झालं होतं. खुणा नकाशावर मांडल्यावर दिसलं की आजार वाटेल तसे विखुरलेले नाहीत, ते काही रेषांवर दाटले आहेत. जुन्या रहिवाशांनी सांगितलं, तिथून पूर्वी ओहोळ वाहायचे, घरं बांधताना ते बुजवले. बेव्हर्ली पेगन या जीवशास्त्रज्ञ बाईंनी त्या माहितीची नीट तपासणी केली. आरोग्य खात्याने सुरुवातीला हे सगळं बायकांनी जमवलेलं म्हणून बाजूला सारलं होतं. पुढे १९८० मध्ये तिथल्या कुटुंबांना हलवण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत विषारी जागांच्या सफाईचा कायदा झाला. बुजलेले ओहोळ कुठल्याही बोअरच्या यादीत नव्हते, ते लोकांच्या आठवणीत होते.

आता विचारायचं काय. दोनशे चौदा पानं वाचू नका. तीन गोष्टी शोधा.

सगळ्यात आधी हे शोधा की सफाईनंतर ती जमीन कशासाठी वापरली जाईल, असं त्यांनी गृहीत धरलं आहे. बाकीचे आकडे या एका वाक्यावर उभे असतात. ‘स्वच्छ’ ही काही निसर्गाने आखून दिलेली रेषा नाही. किती विष मागे राहिलं तर चालेल, याचं ते उत्तर असतं आणि ते कुणाला चालेल यावर बदलतं. जागा कारखान्यासाठीच राहणार असेल तर गणितात प्रौढ कामगार धरतात, आठ तास येऊन घरी जाणारा. घरं होणार असतील तर लहान मूल धरतात, मातीत खेळणारं, तोंडात हात घालणारं, दिवसाला साधारण २०० मिलिग्रॅम माती पोटात जाणारं. माती तीच, रसायन तेच, पण मर्यादा कितीतरी पटींनी वेगळी येते. कोडाईकनालला उष्णतामापक बनवणारा कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणामुळे २००१ मध्ये बंद झाला. त्यानंतर वाद चालला तो याच मुद्द्यावर. किलोभर मातीत २० मिलिग्रॅम पारा राहिला तर चालेल, असं मानक मंजूर झालं. जुने कामगार आणि कार्यकर्ते सांगत राहिले की खाली जंगल आहे, पाणी तिकडेच उतरतं, इथे मर्यादा कडकच हवी. हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नव्हता. त्या उतारावर कोण राहतं आणि काय जगतं, यावर तो सुटायचा होता. तेव्हा तुमच्या आराखड्यात ‘औद्योगिक वापर’ असं लिहिलं असेल आणि पोरं रोज तिथे खेळत असतील, तर उभं राहून एवढंच सांगा. त्याने पुष्कळ पानं पुन्हा लिहावी लागतील.

मग बोअरचा नकाशा मागा. तो भिंतीवर लावा आणि वस्तीतल्या जुन्या माणसांना दाखवा. तिथे काम केलेली माणसं जिवंत असतील, त्यांना आधी बोलवा. ते जी जागा दाखवतील ती फोटोसकट, तारखेसकट लेखी द्या आणि पोच घ्या. माझ्या वहीतली नोंद वहीतच राहिली, कारण ती कुणाच्या टेबलावर सहीनिशी पोचली नव्हती.

तिसरं म्हणजे पद्धत कोणती निवडली आणि कोणत्या नाकारल्या. माती उकरून नेणार असतील, तर ती जाते कुठे, ट्रक कोणत्या रस्त्याने किती महिने, धूळ कशी दाबणार? वरून चिकणमातीचं आणि प्लास्टिकचं झाकण घालणार असतील, तर विष तिथेच राहणार आहे. मग झाकणाची देखभाल कोण करणार, किती वर्षं, आणि त्याचे पैसे आत्ताच बाजूला काढले आहेत का? पाणी उपसून शुद्ध करणार असतील, तर ते काम दशकानुदशकं चालतं. यातली कोणतीही पद्धत सरसकट वाईट नाही. पण प्रत्येक पद्धतीत त्रास कुणाच्या तरी दारात जातो, आणि ते दार कुणाचं हे आधी कळलं पाहिजे.

पंधरा दिवस कमी आहेत, हेही लेखी कळवा आणि मुदत वाढवून मागा. अमेरिकेच्या त्या १९८० च्या सफाईच्या कायद्याखाली किमान ३० दिवस देतात आणि मागितले तर साधारण तेवढेच आणखी मिळतात. मागणं गैर नाही.

प्रश्न: सफाईचा खर्च कंपनी करते आहे आणि तज्ज्ञही कंपनीनेच नेमले आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

उत्तर: प्रदूषण ज्याने केलं त्यानेच खर्च करावा, हे योग्यच आहे. आणि कंपनीने नेमला म्हणून तज्ज्ञ खोटारडा ठरत नाही. मी अशी नेमणूक घेतलेली आहे, आकडे कधी बदलले नाहीत. पण विसावा बोअर मागितला नाही, हेही खरं. दबाव खोटं लिहिण्याचा असतोच असं नाही, बहुतेकदा तो कमी विचारण्याचा असतो.

म्हणून वस्तीला स्वतःचा जाणकार हवा. अमेरिकेत सफाईच्या त्याच कायद्यातल्या १९८६ च्या दुरुस्तीने सोय झाली की बाधित लोकांच्या गटाला ५० हजार डॉलरपर्यंत अनुदान मिळेल आणि त्यातून त्यांनी आपला स्वतंत्र सल्लागार नेमावा. तो आराखडा वाचून साध्या भाषेत सांगतो, चुका दाखवतो. अशी सोय नसेल तिथे महाविद्यालयातला रसायनशास्त्राचा किंवा भूशास्त्राचा शिक्षक गाठा. दोन संध्याकाळी पुरतात. आणि एक मागणी जरूर करा: नमुना घेताना त्याचे दोन भाग करून एक सीलबंद भाग लोकांच्या प्रतिनिधीकडे द्यावा. पुढे वाद झाला तर दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. मात्र तो थंड ठेवावा लागतो आणि काही रसायनांसाठी थोड्याच दिवसांत तपासावा लागतो. कपाटात ठेवून विसरलात तर त्याला अर्थ राहत नाही.

प्रश्न: मी स्थापत्य अभियंता आहे. लोकांना विचारत बसलं की काम वर्षानुवर्षं रखडतं आणि तोवर विष झिरपत राहतं, असा माझा अनुभव आहे. सहभागाच्या नावाखाली आपण लोकांचंच नुकसान करत नाही का?

उत्तर: तुमची काळजी खरी आहे. तरी दोन कामांची तुम्ही गल्लत करता आहात. कुंपण घालणं, फुटकी पिंपं उचलून सुरक्षित पिंपांत भरणं, दूषित विहीर बंद करून दुसरं पाणी देणं, हे उद्या सकाळी करायचं असतं. त्यासाठी कुणाची सुनावणी लागत नाही आणि कुठलीही वस्ती त्याला हरकत घेत नाही. विचारायचं ते कायमच्या उपायाबद्दल.

आणि न विचारल्याने वेळ वाचतो, हे मला पटत नाही. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा चाळीस वर्षं पडून होता. न्यायालयाचा आदेश आला आणि जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला बारा कंटेनर रातोरात मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला जाळण्यासाठी नेले. ३ जानेवारीला तिथे लोक रस्त्यावर आले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. मग न्यायालयाने लोकांना विश्वासात घेण्यासाठी सहा आठवडे दिले. कचरा शेवटी जाळला गेला तो जूनअखेरीस. ते सहा आठवडे कंटेनर निघण्याच्या आधी देता आले नसते का?

उलट वॉरन काउंटी पाहा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं. १९८२ मध्ये लोकांचा विरोध मोडून, शेकडो जणांना अटक करून, तिथे पीसीबी हे विषारी औद्योगिक रसायन मिसळलेली माती पुरली. दहा-अकरा वर्षांनी कळलं की खड्ड्यात पाणी साचलं आहे. सरकारला पाणी उपसायचं होतं. लोक म्हणाले, जागेवरच विष नष्ट करा. या वेळी लोक आणि सरकार यांची संयुक्त समिती बसली, लोकांच्या पसंतीचे शास्त्रज्ञ सल्लागार नेमले, उपाय सगळ्यांनी मिळून निवडला आणि २००३ मध्ये माती निर्विष करून झाली. वेळ लागला, हे मी लपवत नाही. पण त्यातली पहिली दहा-अकरा वर्षं गेली ती न विचारता केलेल्या कामावर.

तुम्ही स्वतः या क्षेत्रात आहात म्हणून सांगते. भारतात जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आले. त्यांत संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची आहे. ती यादी तयार होताना वस्तीतल्या माणसांना सोबत बसवा, त्यांच्याकडून जागा दाखवून घ्या. आणि पुढच्या करारात एकोणीस बोअर असतील, तर त्याखाली एक ओळ वाढवा: ‘स्थानिकांनी दाखवलेल्या ठिकाणी आणखी तीन.’