कट मारला तर मारू दे

अनेक आशीर्वाद.

मेसेज वाचला. कोणीतरी कट मारला म्हणून तू त्याला पुढच्या सिग्नलला गाठलंस, काच खाली करून चार शब्द सुनावलेस, आणि आता "यात माझं काय चुकलं" हा तुझा प्रश्न. कट त्याने मारला, चूक त्याचीच, मान्य. पण तोवर ते फक्त वाईट ड्रायव्हिंग होतं, भांडण झालं ते तू मागे लागल्यावर.

आणि "तेव्हा राग आवरतच नाही" हे मला पटत नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत डूब आणि ग्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, सिग्नल हिरवा झाला तरी पुढची गाडी मुद्दाम हलवायची नाही आणि मागचे काय करतात ते बघायचं. पुढे महागडी गाडी असली की लोक हॉर्न कमी मारायचे, जुनी साधी गाडी असली की जास्त. म्हणजे समोर कोण आहे ते बघून आवरतोच की आपण! (मीसुद्धा, उगाच साधूचा आव नको.)

बरं पुढे जाऊन मिळतं काय? १० किमी साठने गेलास तर १० मिनिटं, सत्तरने साडेआठच्या जरा वर, तेही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. आणि साठला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, त्याच्याकडे बघून हातवारे करण्यात दोन सेकंद गेले की तेवढे तेहतीस मीटर तू रस्ता बघितलेलाच नाहीस.

मागून कोणी चिकटून येत असेल, डिपर मारत असेल तर त्याला धडा शिकवायला ब्रेक मारू नकोस, हा सगळ्यात मूर्ख प्रकार आहे, जागा मिळाली की बाजूला हो आणि जाऊ दे. तुझी चूक झाली तर हात वर करून सॉरी म्हण, निम्मी माणसं तिथेच विरघळतात.

न विरघळणारेही असतात. कोणी खरंच पाठलाग करायला लागलं तर घरी जाऊ नकोस, त्याला पत्ता कळतो. पोलीस स्टेशन किंवा गर्दीची जागा गाठ, दारं लॉक, काचा वर, खाली उतरायचं नाही. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील एवढं अंतर ठेव, म्हणजे वळवून निघता येतं. पोलिसांना फोनही तिथूनच, गाडीत बसूनच कर.