पिक लाइन घातली आहे? मग एवढं सांभाळा

पिक लाइन म्हणजे औषधं देण्यासाठी दंडाच्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक नळी. ती असताना आंघोळीचाच त्रास सर्वात जास्त. दंडाला प्लास्टिक गुंडाळून वर-खाली चिकटपट्टी लावली तरी पाणी शिरतंच. घट्ट बसणारं वॉटरप्रूफ कव्हर मिळालं तर उत्तम. तरीही ड्रेसिंग ओलं झालं किंवा कडेने सुटलं, तर दर आठवड्याच्या ड्रेसिंगची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी बदलून घ्या. ओलाव्यातून जंतू आत जाऊ शकतात.

बाहेर राहिलेल्या नळीची लांबी पहिल्याच दिवशी वहीत लिहा. ती वाढलेली दिसली तर नळी सरकली आहे. स्वतः आत ढकलायची नाही आणि तपासणी होईपर्यंत त्यातून काही देऊ द्यायचं नाही.

वापर नसला तरी साधारण आठवड्याला फ्लश हवा, म्हणजे सिरिंजने सलाइन ढकलून नळी साफ करणं. सिरिंज १० मिलीचीच. लहान सिरिंजने दाब जास्त पडतो, नळी फाटू शकते. थांबत-थांबत ढकलायचं. अडलं तर जोर नको, आधी क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) उघडा आहे ना ते बघा (कधीकधी तोच बंद असतो!).

त्या हातावर बीपी मोजू देऊ नका. जड उचलू नका, पण हात अवघडून धरूनही ठेवू नका, बोटं-कोपर हलवत राहा.

ताप ३८ अंश सेल्सिअस झाला, फ्लशनंतर थंडी वाजली, किंवा दंड-मान सुजली, तर रात्र असली तरी लगेच रुग्णालयात फोन करा.