विचारा की ओ : क्रेन दिसली म्हणजे हॉटेल येतंय का?

मागच्या अंकात ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डबद्दल लिहिलं होतं आणि त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त राइड्सबद्दल नाहीतच, हॉटेलबद्दल आहेत. तिथं नवीन हॉटेल होणार का, कुठं होणार, कधी होणार. मला हा विषय मनापासून आवडतो, म्हणून यावेळचं सगळं पान त्यालाच दिलंय.

प्रश्न : दादा, माझी लेक आणि जावई ऑर्लँडोला असतात. आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडं जाणार आहोत. जावई व्हिडिओ पाठवतात, त्यात डिस्नेच्या एका मोठ्या तळ्याकाठी क्रेन दिसतात आणि प्रत्येकजण वेगळंच सांगतो, कोण म्हणतं हॉटेल, कोण म्हणतं नवीन पार्क. काय येतंय नक्की, आणि त्यासाठी आम्ही ट्रिप पुढं ढकलावी का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : काका, ते तळं बे लेक असेल तर तिथं हॉटेलच होतंय, आणि त्या जागेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९७६ साली तिथं रिव्हर कंट्री नावाचं डिस्नेचं पहिलं वॉटर पार्क सुरू झालं, ते २००१ मध्ये बंद पडलं आणि मग कितीतरी वर्षं तशीच घसरगुंड्या, कुंपण, झाडोरा अशी ती जागा पडून राहिली. लोक लांबून बोटीतून बघायचे आणि आता इथं हॉटेल येणार म्हणून अंदाज बांधायचे. २०१८ मध्ये कंपनीनं खरंच जाहीर केलं की ९०० हून जास्त खोल्यांचं हॉटेल येणार आणि २०२२ ला उघडणार, पुढच्या वर्षी त्याला रिफ्लेक्शन्स असं नावही दिलं, जुनं बांधकाम पाडलं, काम सुरू झालं आणि २०२० मध्ये कोविड आला, सगळं थांबलं. आता तेच काम नवीन नावानं चाललंय, डिस्ने लेकशोर लॉज, आणि उघडायचं वर्ष सांगितलंय २०२७.

म्हणजे बघा, जाहीर झालेली तारीख २०२२ आणि आताची २०२७. म्हणून माझं स्पष्ट मत, ट्रिप पुढं ढकलू नका. डिस्नेच्या आवारात आजही भरपूर हॉटेलं आहेत आणि तिथं राहणाऱ्यांना रोज पार्कमध्ये अर्धा तास आधी सोडतात, काकूंना उन्हात रांगेत उभं राहायचं नसेल तर तो अर्धा तास सोन्यासारखा आहे. शिवाय नव्या हॉटेलात पहिले काही महिने कुठं ना कुठं काही राहिलेलं असतंच, पहिल्यांदा जाणाऱ्यानं तरी त्यात पडू नये असं मला वाटतं.

प्रश्न : कंपनी काही बोलत नाही तरी लोक आधीच कसं काय ओळखतात? नुसता तुक्का असतो का? मला पण हे शिकायचंय. (इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, विजापूर रोड)

उत्तर : तुक्का नाही गं, आणि तू हे आधीच केलेलं आहेस. गड्ड्याच्या यात्रेआधी होम मैदानावर ट्रकमधून लोखंड उतरायला लागलं की आम्ही पोरं तिथं जाऊन उभी राहायचो, अँगल किती लांब आहेत, पाया किती रुंद आखलाय त्यावरून ठरवायचो की हा आकाशपाळणा की ब्रेकडान्स, आणि बऱ्याचदा बरोबर निघायचं. तिकडं तेच करतात, फक्त लोखंडाच्या जागी कागद बघतात.

फ्लोरिडात बांधकाम सुरू करण्याआधी नोटीस ऑफ कमेन्समेंट नावाचा कागद काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कचेरीत, नोंदवावा लागतो, तो कुणालाही बघता येतो. खरं तर तो माल पुरवणाऱ्यांचे आणि छोट्या ठेकेदारांचे पैसे बुडू नयेत म्हणून असतो, त्यात ठेकेदाराचं नाव आणि जागा असते पण काम काय ते दोन शब्दांत, "जनरल कन्स्ट्रक्शन" वगैरे. त्यामुळं फॅन लोक ठेकेदार बघतात, की यानं याआधी काय बांधलंय, राइडचं काम करणारा आहे की इमारतीचं. एकट्या या कागदावर विश्वास ठेवायचा नाही, एखाद्या स्वयंपाकघराची दुरुस्ती असली तरी हाच कागद निघतो.

खरा खजिना पाण्याच्या परवानगीत असतो. तिथली बरीचशी जमीन दलदलीची, त्यामुळं पावसाचं पाणी कुठं जाणार, कुठलं तळं खोदणार, किती पाणथळ जागा बुजवणार हे साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट या तिथल्या पाणी खात्याला नकाशासकट द्यावं लागतं. त्या नकाशात इमारतीची बाह्यरेषा येते, आणि हॉटेलची रेषा लपत नाही, लांब अरुंद पंख, मध्ये स्विमिंग पूल, शेजारी पार्किंग. राइडची इमारत म्हणजे मोठा चौकोनी डबा. तू इंजिनीअरिंगची आहेस, दोन-चार नकाशे बघितलेस की तुलाच कळायला लागेल.

तिसरी गोष्ट उंचीची. अमेरिकेत २०० फुटांच्या वर काही उभं करायचं तर, क्रेनसुद्धा, विमान वाहतूक खात्याला कळवावं लागतं आणि त्याचीही नोंद उघड असते. सिंड्रेलाचा किल्ला १८९ फुटांवर थांबवलाय ना, त्याचं कारण वर लाल दिवा लावायला नको म्हणूनच सांगतात. उंच बांधकाम आणि विमान यांचं नातं आपल्याला वेगळं सांगायला नको, होटगी रोडची साखर कारखान्याची चिमणी विमानांना अडथळा म्हणून जून २०२३ मध्ये पाडली ती आपण सगळ्यांनी बघितलीय.

आणि कागदाच्याही पलीकडं माणूस वाचायची कला आहे, ती मला सगळ्यात भारी वाटते. १९६५ मध्ये ऑर्लँडोजवळ कुणीतरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं गुपचूप जमीन घेत होतं, जवळजवळ २७,००० एकर, म्हणजे आपल्या सोलापूर महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहून जास्त. गावात चर्चा, विमान कंपनी आहे, मोटार कंपनी आहे. तिथल्या ऑर्लँडो सेंटिनेल पेपरच्या एमिली बाव्हार कॅलिफोर्नियात डिस्नेलँडच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या, त्यांनी वॉल्ट डिस्नेंना सरळ विचारलं. त्यांनी नाही म्हटलं, पण नाही म्हणताना मध्य फ्लोरिडाची इतकी बारीक माहिती सांगितली की बाईंना संशय आला, हा माणूस एवढा अभ्यास कशाला करेल? ऑक्टोबरमध्ये पेपरनं छापलं की घेणारा डिस्नेच, आणि लगेच गव्हर्नरांनी ते खरं असल्याचं सांगितलं.

प्रश्न : जागा रिकामी केली, दुकानं उठवली, कंपनीनं स्वतः जाहीर केलं, मग तरी पक्कं धरायचं की नाही? (वाचक, नवी पेठ)

उत्तर : तरी नाही. कॅलिफोर्नियात डिस्नेलँडच्या शेजारी ७०० खोल्यांचं आलिशान हॉटेल जाहीर झालं होतं, त्यासाठी २०१८ मध्ये डाउनटाउन डिस्ने या शेजारच्या बाजारपेठेतली थिएटर, रेस्टॉरंट बंद केली, आणि मग अनाहाइम शहराशी करसवलतीवरून वाद झाला. सवलत ज्या जागेसाठी ठरली होती ती जागा कंपनीनं नंतर बदलली, शहर म्हणालं मग ती सवलत या जागेला लागू नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हॉटेल रद्द. बंद केलेलं सँडविचचं दुकान पुन्हा उघडलं. तुम्ही नवी पेठेत राहता म्हणजे दुकान उठवणं काय असतं ते तुम्हाला माहितीय, सगळ्यात जास्त वाईट मला तिथं काम करणाऱ्यांचं वाटलं, त्यांची नोकरी गेली ती कधीच न झालेल्या इमारतीसाठी.

उलटंही होतं हं. १९७१ मध्ये डिस्ने वर्ल्ड सुरू झालं तेव्हा एशियन नावाच्या हॉटेलसाठी तळ्याकाठी जमीन तयार करून ठेवली होती. मग १९७३ चं तेलसंकट आलं, अमेरिकेत लोकांनी गाड्या काढणं कमी केलं, हॉटेल राहिलं ते राहिलंच. त्याच जागेवर १९८८ मध्ये ग्रँड फ्लोरिडियन उभं राहिलं. १७ वर्षं सपाट जागा बघून ज्यांनी हॉटेल येणार म्हटलं ते बरोबर होते, फक्त हॉटेल वेगळंच आलं.

प्रश्न : सर, आपल्या खोपोलीजवळच्या इमॅजिकाला अजून एक हॉटेल होणार असं आमच्या स्टाफरूममध्ये बोलणं चाललंय. आम्हाला शाळेची ट्रिप न्यायची आहे, मुक्कामाचा प्रश्न आहे. (शिक्षिका, अक्कलकोट रोड)

उत्तर : मॅडम, तुमची अडचण मला पूर्ण कळते, सोलापूरहून टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पुण्यापर्यंतच २५० किलोमीटर आणि पुढं घाट, एका दिवसात पोरांना नेऊन आणणं म्हणजे त्यांना बसमध्येच झोपवणं. पार्क २०१३ मध्ये सुरू झालं आणि त्याला लागून नोव्होटेल आलं २०१५ मध्ये, म्हणजे आधी माणसं यायला लागली आणि मग हॉटेल. त्यातही एकूण २८७ खोल्या ठरलेल्या असताना सुरुवात थोड्याच खोल्यांनी केली होती. उलट युनिव्हर्सलनं ऑर्लँडोत एपिक युनिव्हर्स हे नवीन पार्क मे २०२५ मध्ये उघडलं तेव्हा त्याच्या आधीच प्रत्येकी ७५० खोल्यांची दोन हॉटेलं चालू झाली होती. असा आधीच खर्च करायला रोजची गर्दी नक्की माहिती लागते, आपल्याकडं पावसाळा, शाळा, परीक्षा यात गर्दीचे महिने मोजकेच.

स्टाफरूममधल्या बोलण्याची खात्री करायला दोन जागा आहेत. ही कंपनी शेअर बाजारात आहे, २०२२ पासून ती संगमनेरच्या मालपाणी समूहाकडं आहे, आणि असं मोठं काही ठरलं की बाजाराला कळवावं लागतं, ते एनएसई-बीएसईच्या साइटवर फुकट वाचता येतं. दुसरं, २०,००० चौरस मीटरच्या वरचं बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, तो अर्ज सरकारच्या परिवेश पोर्टलवर दिसतो. तिथं हॉटेलचं नाव, खोल्या, पाणी किती लागणार सगळं असतं.

पण ट्रिप त्यावर ठरवू नका. लोणावळ्यात किंवा खोपोलीत शाळेच्या बजेटमध्ये बसेल असा हॉल किंवा धर्मशाळा आत्ताच फोन करून बघा, पहाटे ५ ला सोलापूर सोडा, दुपारी पोचल्यावर पोरांना आराम करू द्या आणि पार्क दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतानाच गाठा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोबत ठेवाच, पहिल्या दिवसाचं जेवण त्यातच निघतं.