प्रश्न: जपानी पद्धतीचे तळलेले भाताचे तुकडे तेलात सुटतात. कॉर्नफ्लॉवर घालू की अंडं? आणि डब्यातला ट्यूना चालेल का, की ताजा मासाच हवा?

कॉर्नफ्लॉवरही नको आणि अंडंही नको. तुम्ही मासा आणि मेयोनीज भातातच कालवून थापता असं लिहिलंय, घोळ तिथेच आहे. जपानी तांदूळ आखूड दाण्याचा, त्यात अमायलोज (स्टार्चचा कमी चिकट प्रकार) कमी, त्यामुळे शिजल्यावर दाणे आपोआप एकमेकांना धरतात. मेयोनीजमध्ये पाऊण भाग तेलच असतं. ते दाण्यादाण्यांत शिरल्यावर भात धरून राहणार कसा? ओनिगिरीत, म्हणजे जपानी भाताच्या मुटक्यात, ट्यूना-मेयो मधोमध भरलेलं असतं आणि भाताला फक्त मीठ लावलेलं असतं. इथेही तेच करा. भात कोरा तळा आणि मासा नंतर वर ठेवा.

खरं तर मी लिहायला बसले ती तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे. डब्यातला मासा चालेल का? अहो, या पदार्थाला तोच हवा.

आमच्याकडे एकदा घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि मी हेच तुकडे करत होते. थोरल्या नणंदबाई शेजारी उभ्या. "अगं, कॉर्नफ्लॉवर घाल, नाहीतर फुटतील." मी घातलं नाही. भात गरम असतानाच ओल्या हाताने ट्रेमध्ये गच्च दाबला, वर बटर पेपर घालून जड पाट्याने पुन्हा दाबला आणि ट्रे तासभर फ्रीजमध्ये ठेवला. मग ओल्या सुरीने चौकोन कापले. तेल १८० अंशांवर आलं की ते सोडायचे आणि खालून कवच धरेपर्यंत झाऱ्या लावायचा नाही. एकही फुटला नाही. सोनेरी झाल्यावर वर निथळलेला ट्यूना, मेयोनीज, थोडा कांदा आणि सोया सॉसचा थेंब. वन्संनी आवडीने खाल्ले, कृती विचारली. तेवढ्यात त्यांना ओट्यावरचा रिकामा डबा दिसला. "शी! पाहुण्यांना शिळा मासा घातलास?" आणि बशी सगळ्यांदेखत बाजूला सरकवली. मोठ्या आहेत म्हणून तेव्हा मी गप्प बसले.

डब्यातला मासा शिळा नसतो. तो डब्यात भरतात, डबा हवाबंद करतात आणि मग तो बंद डबाच दाबाखाली ११० अंशांच्याही वर तापवतात. आतले जंतू मरतात, बाहेरचे शिरू शकत नाहीत. म्हणून तो टिकतो. साबाच्या, म्हणजे जपानी बांगड्याच्या, डब्यात तर काटेसुद्धा इतके मऊ होतात की खाता येतात, आणि कॅल्शियम मिळतं ते त्यांच्यातूनच. जपानमध्ये याला कुणी नाक मुरडत नाही. सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीने १९८३ मध्ये तिथे ट्यूना-मेयोची ओनिगिरी विकायला आणली ती डब्यातल्याच ट्यूनाची, आणि ती आजही जोरात खपते. ताजा ट्यूना घरी शिजवला की कोरडा आणि चरबरीत होतो. डब्यातला बोटांनी सहज सुटा होतो आणि मेयोनीज नीट धरतो. तेव्हा तुमच्याकडे कुणी "ताजा नाही मिळाला का?" असं विचारलं तर ओशाळू नका. वाढतानाच सांगा, डब्यातला आहे.

तेलातला डबा की पाण्यातला, हे तुमच्या चवीवर. पण निथळून, मुठीत दाबून घ्या.

बासमतीचे चौकोन बसणार नाहीत, त्यावर वेळ घालवू नका. फ्रीजमधला कालचा भात याकिमेशीला, म्हणजे जपानी फ्राइड राइसला, उत्तम, पण दाणे कडक झालेले असल्याने थापायला निरुपयोगी. सुशीसाठी व्हिनेगर-साखर लावलेला भातही घेऊ नका, साखरेमुळे तो कुरकुरीत होण्याआधीच वरून करपतो. सोया सॉस तळून झाल्यावरच. याकी ओनिगिरीतसुद्धा (भाजलेल्या ओनिगिरीत) आधी कोरडं कवच येऊ देतात आणि मगच सॉस लावतात.

आणि शिजलेला भात ओट्यावर तासन्तास उघडा ठेवू नका. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात आणि कोमट भातात वाढतात. त्यांचं विष पुन्हा तळूनही जात नाही. उघडलेल्या डब्यातला मासा उरला तर काचेच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा.